खान्देशच्या वाटांना कोणता बूट?

ट्रेल रनिंगच्या बुटांविषयी मराठीत जे सल्ले फिरतात ते बहुतेक पुण्या-मुंबईकडचे असतात. यात नवल नाही. डोंगरात धावण्याचा नाद तिकडे आधी रुजला, सिंहगड-राजगड-तोरणा अशा ५३ किलोमीटरच्या शर्यती तिकडे होतात आणि बुटांची मोठी दुकानंही तिकडेच आहेत. सल्ला ठरलेला असतो: सोलवरचे दात खोल हवेत, चिखलात पकड हवी, जमलं तर वॉटरप्रूफच घ्या. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर धावणाऱ्याला यातलं निम्मं तरी पटेल. पण हाच सल्ला मोबाइलवरून जळगाव-धुळ्यात येऊन पोचतो, कुणीतरी त्यावर विसंबून दहा-बारा हजार रुपये घालतो, आणि मार्चमध्ये लळिंगच्या उतारावर त्याला कळतं की पावसाळ्याचा बूट उन्हाळ्यात घालून आपण आलो आहोत.

जळगावला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, धुळ्याला त्याहूनही कमी. महाबळेश्वरला याच्या कित्येक पट पडतो. इथल्या वाटा वर्षातले सात-आठ महिने कोरड्या असतात आणि त्यातले तीन महिने भाजून काढणाऱ्या. बुटाचा कस लागतो तो दगड, काटा आणि उन्हात. चिखल थोडे दिवस येतो, पण काळ्या मातीचा येतो, आणि त्याच्यापुढे भल्याभल्या कंपन्यांचं काही चालत नाही.

आधी जमीन पाहू, कारण बुटाची निवड तिथूनच सुरू होते.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे सुटे फाटे आणि मध्ये तापीचं सपाट खोरं. डोंगर सगळे काळ्या बसाल्टचे, पण पायाखाली जमीन एकसारखी लागत नाही. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला आणि त्याखालचं कुरण घ्या. गवताळ उतार, त्यावर सुटे दगड, वर घट्ट मुरमावर बारीक खड्यांचा थर. ट्रेकर ज्याला घसारा म्हणतात तो हाच. चढताना त्रास नाही; उतरताना पाऊल पडतं एका ठिकाणी आणि थांबतं वीतभर पुढे. साक्रीकडे भामेरच्या बाजूला गेलं की डाइक दिसतात, म्हणजे जुन्या भेगांत लाव्हा थिजून झालेल्या आणि भोवतालची जमीन झिजल्यावर उघड्या पडलेल्या लांबच लांब दगडी भिंती. धुळे-नंदुरबारचा पट्टा भूगर्भतज्ज्ञांना अशा डाइकांसाठीच माहीत आहे. त्यांच्या कडेने पायवाट असली तर ती धारदार, कोनदार धोंड्यांची असते. तिथे तळव्याला प्रत्येक दगडाची ओळख होते.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची गोष्ट निराळी. गौताळा औट्रम घाट अभयारण्यातली झाडी, केदारकुंडाकडचे ओलसर दगड, कण्हेरगडाची चढण, पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाणारी वाट. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन महिने इथे सह्याद्रीसारखा शेवाळलेला कातळ मिळतो. यावल-रावेर-चोपड्याकडे केळीच्या बागा ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याला लागलं, मनुदेवीच्या किंवा पालच्या बाजूला, की साग, सालई, अंजनाचं जंगल सुरू होतं. फेब्रुवारीनंतर सागाची वाळलेली पानं उतारावर पसरतात. पान निसरडं तर असतंच, शिवाय खालचा दगड झाकून टाकतं. आणि तापीकाठची घळींची जमीन: पिवळट गाळमाती, वाऱ्यापाण्याने कोरलेली, दगड जवळजवळ नाही, पण चढउतार इतके आखूड आणि उभे की घोट्याची परीक्षा होते. अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि अंधारात जाऊ नये, हे जाता जाता सांगून ठेवतो. पहाटे चारला धावायला निघण्याच्या इथल्या सवयीला ते अडचणीचं वाटतं, पण बिबट्याची वेळही तीच असते.

वाट ‘टेक्निकल’ आहे असं धावणारे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात एवढंच असतं की तिथे वेग दमावर ठरत नाही, पाऊल कुठे टाकायचं यावर ठरतो. बाकीचं सारं बुटाच्या तळाशी येऊन ठेपतं.

सोलवरच्या दातांना इंग्रजी जाहिराती लग म्हणतात आणि त्यांची खोली मिलिमीटरमध्ये छापतात. इंग्लंडच्या ओल्या डोंगरात जन्मलेल्या इनोव्ह-८ या कंपनीच्या मडक्लॉ नावाच्या बुटाला आठ मिलिमीटरचे दात आहेत. सॅलोमनच्या स्पीडक्रॉसला पाचच्या आसपास. असा बूट कोरड्या, टणक बसाल्टवर घातला की दोन गोष्टी होतात. खडकाला टेकणारं रबर कमी होतं, कारण दात विरळ असतात; आणि उंच दात दाबाखाली वाकतात, त्यामुळे पाऊल किंचित हलल्यासारखं वाटतं. त्यात तापलेल्या खडबडीत दगडावर मऊ रबराचे दात भराभर झिजतात. आपल्याकडच्या वाटांना साडेतीन ते साडेचार मिलिमीटर पुरेसे आहेत, फार तर पाच. त्याहून महत्त्वाचं ते रबर. ओल्या कातळावर दात काही रुतत नाहीत, तिथे धरून ठेवतो तो रबराचा चिकटपणा. आणि कोरड्या घसाऱ्यावर दातांच्या कडा उपयोगी पडतात, विशेषतः टाचेकडचे उलट्या दिशेने बसवलेले.

रबराच्या सोलचा इतिहास डोंगरातल्याच एका अपघाताशी जोडलेला आहे. मिलानच्या व्हिताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती १९३५ साली आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर मेले. पायांतली साधनं त्या हवामानाला पुरी पडली नव्हती. ब्रामानीने टायर बनवणाऱ्या पिरेल्लीच्या मदतीने १९३७ मध्ये खाचांचा रबरी सोल बाजारात आणला आणि स्वतःच्याच नाव-आडनावातून त्याला व्हिब्रम हे नाव दिलं. आज निरनिराळ्या कंपन्यांच्या महागड्या ट्रेल बुटांखाली व्हिब्रमचं मेगाग्रिप नावाचं रबर असतं. आदिदास कॉन्टिनेंटल या टायर कंपनीचं वापरते. पाटणादेवीच्या ओल्या दगडांवर साध्या कडक रबरात आणि यात फरक जाणवतो, तिथे जास्तीचा पैसा सार्थकी लागतो. फक्त लळिंगवर धावणाऱ्याने त्यासाठी जीव टाकू नये.

काळ्या मातीवर मात्र कोणतंच रबर तोडगा नाही. ही माती मोंटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली. पाणी मिळालं की ती फुगते आणि जे लागेल त्याला धरून बसते. जुलैत नांगरलेल्या रानातून ट्रॅक्टर निघाला की त्याच्या चाकाचे गुटके बुजून चाक गुळगुळीत होतं, तीच गत बुटाची. पन्नास पावलांत प्रत्येक पायाला किलोभर माती. दात एकमेकांपासून लांब असले तर ती थोडी लवकर झडते, इतकाच फायदा. पावसाळ्यात गाडरस्त्याने जाण्यापेक्षा मुरमाड टेकडी किंवा डांबर गाठावं, असंच इथले जाणते धावपटू सांगतात, आणि त्यांचं ऐकावं.

आता काट्याकडे येतो, कारण या भागातला बूट निवडताना सर्वांत कमी बोललं जातं ते यावर, आणि सर्वांत जास्त वेळा थांबावं लागतं तेही यामुळेच. बाभळीचा काटा, त्यातही वेड्या बाभळीचा, हलक्या फोमच्या सोलमधून सरळ आत येतो. नदीपात्रं, गावाबाहेरच्या पडीक जमिनी, धरणांच्या कडा सगळ्या तिने व्यापल्या आहेत. सराटा बारीक, पण कसाही पडला तरी टोक वर; तो तळव्यापर्यंत पोचत नाही, सोलमध्ये रुतून बसतो आणि हळूहळू आत सरकतो. तिसरं कुसळ. पावसाळा संपला की कुरणातलं गवत वाळतं आणि त्याची कुसळं जाळीदार कापडातून बुटात, तिथून मोज्यात आणि मोज्यातून कातडीत शिरतात. दहा किलोमीटर धावून दोन किलोमीटरच्या वेळेइतकं कुसळं उपटत बसणं ही दिवाळीनंतरच्या महिन्यातली नेहमीची गोष्ट आहे.

यावर उपाय तीन. पहिला म्हणजे सोल आणि फोम यांच्यामध्ये घातलेली पातळ, लवचीक प्लास्टिकची पट्टी, जिला रॉक प्लेट म्हणतात. मुळात ती टोकदार दगडांचा दाब पसरवायला बनवली, पण काट्यालाही अडवते. अमुक बुटात ती आहे का, हे विक्रेत्याला विचाराच. तो बहुधा सांगू शकणार नाही, तेव्हा बूट मध्यातून वाकवून, तळव्याच्या भागात अंगठा दाबून पाहावा. दुसरा, सोलवरचं रबर अखंड असणं. वजन वाचवायला हल्ली रबराचे तुकडे तुकडे चिकटवून मधला फोम उघडा ठेवतात. रस्त्याच्या बुटाला ते चालतं, बाभळीच्या मुलुखात चालत नाही. तिसरा, वरचं कापड दाट विणीचं घ्यावं आणि घोट्याभोवती गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण, घालावं. विकतचं नसलं तर जुन्या सायकलिंगच्या बाहीचं शिवून घेतात; कुसळांना तेही पुरतं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. खान्देशातल्या शेतकऱ्याने काट्याचा हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता, टायरच्या चपलेने. जाड, न फाटणारी, पाण्याला न भिणारी, आणि काटा जिच्यापुढे मोडतो अशी. जगाच्या दुसऱ्या टोकाला मेक्सिकोच्या दऱ्यांत राहणाऱ्या ररामुरी लोकांनीही टायरच्याच चपला केल्या. त्यांतला ५५ वर्षांचा व्हिक्टोरियानो चुरो १९९३ साली अमेरिकेतली लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत त्या चपलांवर जिंकला. पुढे २००९ मध्ये क्रिस्टोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकाने ही गोष्ट जगभर नेली आणि अनवाणी धावण्याची लाट आली. त्याच लाटेवर व्हिब्रमने पाच बोटांचे बूट खूप विकले, आणि आरोग्याचे जे दावे केले होते त्यांवरून दाखल झालेल्या खटल्यात २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर मोजून तडजोड केली. मला या प्रकरणातून एवढंच घ्यावंसं वाटतं: चुरोचे पाय आयुष्यभर त्या चपलांत वाढलेले होते. कार्यालयात बसून चाळिशीत धावायला लागलेल्या माणसाने त्याची नक्कल केली तर पोटरी आणि टाचेची शीर आधी बोलते.

लांब पल्ल्याची सवय म्हणाल तर ती खान्देशाला धावणाऱ्यांमुळे लागलेली नाही. चैत्रात शिरपूर, धुळे, अमळनेर, जळगावकडून वणीच्या सप्तशृंगीला पायी निघणारे लोक शंभराहून जास्त किलोमीटर तापल्या डांबरावर चालतात. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभर वाटेवर असते. आणि खऱ्या अर्थाने खडतर वाट पाहायची तर धनत्रयोदशीच्या सुमाराची अस्तंब्याची यात्रा, नंदुरबारच्या सातपुड्यात. १९९८ पर्यंत तो सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. रात्रीच्या अंधारात, हातातल्या उजेडावर, अस्तंबा या अश्वत्थाम्याच्या शिखरावर हजारो पाय चढतात, कुणी अनवाणी, कुणी स्लिपरवर. या चालणाऱ्यांकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. नवं पायताण घालून यात्रेला निघायचं नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या तासानंतर पाय फुगतो हे गृहीत धरायचं. बुटांच्या कंपन्यांची सारी सल्लापत्रकं वाचून शेवटी हेच दोन मुद्दे हाती येतात.

लांब पल्ल्यासाठी बूट घेताना पहिला वाद गादीचा. २००९ मध्ये फ्रान्सच्या आनेसी शहरात सॅलोमनमधून बाहेर पडलेल्या दोघांनी होका ही कंपनी काढली आणि जाड, फुगीर फोमचे बूट आणले. तेव्हा लोक हसले. आज बहुतेक सगळ्या कंपन्या जाड गादी बनवतात. उतारावर मांड्यांना बसणारा मार यामुळे सुसह्य होतो, आणि पन्नास किलोमीटर धावणारे त्यासाठीच ती पसंत करतात. पण डाइकच्या बाजूच्या सुट्या धोंड्यांवर जाड बुटात पाऊल जमिनीपासून उंच राहतं, कडेवर पडलं तर घोटा अधिक जोराने मुरगळतो आणि खालचा दगड डुगडुगतोय हे पायाला उशिरा कळतं. टेक्निकल वाट आणि लांब पल्ला ही दोन्ही एकत्र आली की बुटाची निवड दोन दिशांना ओढली जाते: वाट पातळ आणि जमिनीलगतचा बूट मागते, अंतर जाड बूट मागतं. माझं मत मधल्या जाडीकडे झुकतं, टाचेखाली पंचवीस ते तीस मिलिमीटर, आणि तळ रुंद. तापीकाठच्या घळींत किंवा सपाट गाडरस्त्यावरच तासन्‌तास घालवणार असाल तर मात्र खुशाल जाड घ्या.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप. स्पीडक्रॉसचा दहा मिलिमीटर, होकाच्या स्पीडगोटचा चार-पाच, आल्ट्राच्या लोन पीकचा शून्य. कमी ड्रॉपमध्ये पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर भार येतो, जास्त ड्रॉपमध्ये गुडघ्याकडे सरकतो. यात चांगलं-वाईट असं काही नाही. आजवर दहाच्या बुटात धावत असाल तर एकदम शून्यावर उडी मारू नका, इतकंच. वजनाचंही तसंच: प्रत्येक बुटाचं वजन शंभर ग्रॅमने वाढलं की धावण्याला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते, हे प्रयोगांतून बऱ्याचदा दिसलं आहे. रॉक प्लेट आणि अखंड रबर यांनी वजन वाढतंच. काटा काढायला चारदा थांबणाऱ्याने तो एक टक्का आनंदाने सोसावा.

बूट दुखापत टाळतो का? दावे पुष्कळ, पुरावा तोकडा. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी २०१५ मध्ये एक सरळ सूत्र मांडलं: पायाला जो बूट सुखद वाटतो तोच बहुधा त्याच्या नैसर्गिक हालचालीला साथ देतो, तेव्हा तोच निवडावा. पाय आत झुकतो की बाहेर, याच्या यंत्रावरच्या तपासण्यांपेक्षा दुकानात पाच मिनिटं चालून-पळून पाहणं अधिक भरवशाचं.

उन्हाचा हिशेब मात्र परदेशी लेखांत सापडत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा उघडा कातळ आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. बुटातला ईव्हीए फोम उष्णतेने मऊ पडतो. पहाटे घट्ट वाटणारा बूट नऊ वाजता चेपल्यासारखा लागतो तो यामुळे. म्हणून दुकानातच लोण्यासारखा मऊ वाटणारा बूट इथे टाळावा, जरा कडक असलेला चालेल. सोल चिकटवायचा गोंद कारखान्यात उष्णता देऊनच बसवलेला असतो, आणि पुन्हा तेवढा तापला की सैल पडतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बूट ठेवण्याची सवय त्याला मारक. धुतलेले बूट गच्चीवर उन्हात ठेवू नयेत, सावलीत कागद कोंबून वाळवावेत. जुन्या ट्रेकिंग बुटांचा सोल डोंगरातच चुरा होऊन निघतो ते वेगळ्या कारणाने: त्यातला पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं कुजत जातो, वापरा अगर न वापरा. ट्रेल रनिंगचे बहुतेक बूट ईव्हीएचे असल्याने ही भीती त्यांना कमी.

वॉटरप्रूफ पडदा असलेला बूट या दोन जिल्ह्यांत घेण्याचं एकही कारण मला दिसत नाही. ओढा ओलांडताना पाणी वरून, घोट्यातून शिरतं, आणि शिरलं की त्या पडद्यामुळेच बाहेर पडत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत आतला घाम तसाच कोंडतो. पाणी येऊन निघून जाणारं कापड आणि सुती नसलेले मोजे, हेच बरं. सुती मोजा घाम धरतो, कातडी भिजते, घासली जाते आणि फोड येतो.

आता मापाविषयी, आणि इथे घाई करू नका, कारण वरचं सगळं बरोबर जुळलं आणि माप चुकलं तर काही उपयोग नाही. आपण ज्या मापांत बूट घेतो ती इंग्रजांची किंवा युरोपीय, त्यांच्या पायांवरून ठरलेली. इंग्रजी मापाचा एक आकडा म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, युरोपीय आकडा म्हणजे साडेसहाच्या जरा वर. त्यात एका कंपनीचा आठ दुसरीच्या आठशी जुळत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं यंत्रावर घेतली. निष्कर्ष आपल्या आजीलाही माहीत असलेला: भारतीय पाऊल चवड्याशी रुंद असतं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. ती दुकानात रुळेपर्यंत सेंटिमीटर हाच खरा आधार. संध्याकाळी, दिवसभर चालल्यानंतर, भिंतीला टाच लावून कागदावर दोन्ही पाय आखा. जो लांब भरेल त्याच्या मापाने बूट घ्या. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. तीस किलोमीटरपेक्षा जास्त धावायचं असेल तर ती भरपूर हवी, नाहीतर उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. अनेकजण मग लांबीला आणखी मोठा बूट घेतात, तो उपाय अर्धवट आहे. टाच आत खेळायला लागते. खरी गरज रुंदीची असते. आल्ट्राचा पुढचा भाग पायाच्या आकाराचा आहे, होका आणि काही कंपन्या रुंद माप वेगळं काढतात. अरुंद बूट काढणाऱ्या इटालियन कंपन्यांचं नाव कितीही मोठं असो, पाय रुंद असेल तर त्यांना हात जोडावेत. टाच हलत असेल तर सर्वांत वरचं जे जादा छिद्र रिकामं राहतं, त्यातून नाडीचा फास करून बांधा. ते छिद्र त्यासाठीच दिलेलं असतं.

बाजाराची स्थिती अशी. डोंगरात जाणाऱ्या मराठी माणसाने वर्षानुवर्षं काम चालवलं ते हंटरच्या आणि ॲक्शन ट्रेकिंगच्या जोडांवर, आणि सह्याद्रीच्या कातळावर त्यांच्या पकडीचं कौतुक आजही होतं. लळिंग किंवा कण्हेरगड चढून येण्यासाठी ते उत्तम आहेत. पण ते चालण्याचे बूट. त्यांत वीस किलोमीटर धावलं तर कडकपणा पायाला जाणवतो. त्यावरची पायरी डेकॅथलॉनच्या ट्रेल बुटांची आणि आसिक्सच्या जेल-व्हेंचरसारख्यांची. पंचवीस-तीस किलोमीटरपर्यंत यांनी काही अडत नाही. त्याहून वर सॅलोमन, होका, आल्ट्रा, ला स्पोर्टिव्हा. पूर्ण किंमत दहा हजारांच्या पुढे जातेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यावरच्या जोडावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ट्रेलचा बूट बहुधा १८ टक्क्यांतच येतो. मागल्या वर्षीचं मॉडेल निम्म्या किमतीला मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावं. नव्यात रंगाखेरीज फारसं काही बदललेलं नसतं. सॅलोमनची बारीक, ओढून बसवायची नाडी सोयीची आहे, पण ती तुटली तर गावच्या दुकानात तशी मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या.

नवा बूट आणला की चर्मकाराकडून कडेने सोल शिवून घेण्याची एक जुनी आणि शहाणी पद्धत आपल्याकडे आहे. चालण्याच्या बुटाला ती जरूर पाळावी. जाड फोमच्या रनिंग बुटाला टाके मानवत नाहीत. तिथे सोल सुटायला लागताच चिकटवून घेणं बरं. एक जोड पाचशे ते आठशे किलोमीटर चालतो असं सर्वसाधारणपणे धरतात. आपल्या दगडांवर मी खालचा आकडा धरतो. दात दिसत असूनही फोम मेलेला असू शकतो: सोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या आणि गुडघा विनाकारण कुरकुरायला लागला की समजावं. तो बूट बाजारहाटाला वापरा.

एक प्रश्न उरतो, एकच जोड घ्यायचा की दोन? जळगावचा धावपटू मेहरूण तलावाभोवती किंवा लांडोरखोरीकडे रोज धावतो, खान्देश रनसारखी स्पर्धा डांबरावर करतो आणि महिन्यातून एखादा रविवार पाटणादेवी नाहीतर पालकडे जातो. धुळेकराचं नकाणे तलाव आणि लळिंग असंच जोडीने चालतं. त्यातही डोंगराच्या पायथ्यापर्यंतचे चार-सहा किलोमीटर डांबराचेच असतात. अशा माणसाने दोन जोडांच्या भानगडीत न पडता, रस्ता आणि वाट दोन्हींवर चालतील असे तीन-साडेतीन मिलिमीटर दातांचे बूट घ्यावेत. नायकीचा पेगासस ट्रेल हा या वर्गातला ठळक नमुना; डेकॅथलॉनमध्येही असे आहेत. महिन्याचे चारही रविवार डोंगरात जात असतील, किंवा पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं असेल, तर स्वतंत्र ट्रेल बूट: मधली जाडी, चार मिलिमीटरच्या आसपास दात, अखंड चिकट रबर, रॉक प्लेट, दाट कापड, पुढे ऐसपैस जागा, आणि वॉटरप्रूफ नको. शर्यतीच्या आधी तो निदान ऐंशी-शंभर किलोमीटर धावून मुरवलेला असावा.

हे सगळं कागदावर ठीक आहे, खरी अडचण पाय घालून पाहण्याची आहे. चांगल्या ट्रेल बुटांची सगळी मापं एका ठिकाणी मांडलेलं दुकान मिळायला इथून नाशिक, छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुणं गाठावं लागतं, आणि ऑनलाइन मागवलेला बूट परत पाठवण्याच्या कंटाळ्याने कित्येकजण चुकीच्या मापात धावत राहतात. जळगाव रनर्स ग्रुप आणि धुळ्यातले धावणारे यांना म्हणून एक विनंती आहे. प्रत्येकाच्या घरी दोन-तीन जुने जोड पडून असतात. त्यांतले निरनिराळ्या कंपन्यांचे आणि मापांचे निवडून एका ठिकाणी ठेवा, त्यावर सेंटिमीटरमधलं माप लिहा, आणि नव्या माणसाला पैसे घालण्याआधी रविवारी सकाळी ते घालून टेकडीचा एक फेरा मारू द्या.